औषधाची पोच



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे पाठविले, तेव्हा आम्ही विडी कामगारांच्या मजुरीविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. परंतु आज आम्ही विषय घेतला आहे तो गरोदर बाई आणि तिचे औषध. हा विषय ऐकून चालकांपैकी एका गृहस्थांनी हळूच विचारले, "ह्याला एखादे डॉक्टर बोलावले असते तर बरे झाले नसते का?" त्यांचे म्हणणे रास्त होते. आमची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि ज्यांना कळते त्यांना लाज सोडून पुन्हापुन्हा विचारून. औषध कसे बनते हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. मात्र बनलेले औषध बाईपर्यंत पोचते की नाही, ह्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्ही मागून घेतो. कारण ते न पोचल्याचा एक दाखला आमच्याच घरात आहे.

आमचे गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. आपल्यापैकी पुष्कळ मंडळी तिथे वाघ पाहायला जाऊन आलेली असतील. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव व नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आम्ही सांगतो आहोत ती गोष्ट १९८९ सालची. तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. आमची थोरली बहीण घरी विड्या वळीत असे आणि उन्हाळा आला की तेंदूची पाने तोडायला जात असे. त्या वर्षी ती बाळंतपणात गेली. मूल वाचले. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगात रक्तच नव्हते. दुसऱ्या बाईने सोसला असता एवढाच रक्तस्राव झाला, पण हिला तो सोसला नाही." घरातली वडीलधारी माणसे म्हणाली, नशीब. आम्ही सतरा वर्षांचे होतो. आम्हीही नशीबच म्हटले.

दिवस झाल्यावर घर आवरताना कोनाड्यातल्या डब्यात गोळ्यांची पाकिटे सापडली. रक्तवाढीच्या गोळ्या. एकही फोडलेली नव्हती. ती पाकिटे नर्सबाईंकडून आम्हीच आणून दिली होती. नर्सबाईंच्या वहीत नोंद होती, 'गोळ्या दिल्या'. ती नोंद खोटी नव्हती. आम्हीही आमचे काम केले होते. तरी औषध डब्यात राहिले आणि बहीण गेली.

पुढे युनियनच्या कचेरीत काम करू लागलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो पोच घेण्याचा. मालकाला पत्र दिले की त्याच्या सहीची पोच घ्यायची. जावक वहीत लिहिले म्हणजे पत्र पोचले असे होत नाही. त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न आहे, की औषधाची पोच कोणाकडून घ्यायची? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

आता त्या गोळीत काय असते ते पाहू. दोन वस्तू असतात : लोह, आणि फॉलिक ॲसिड नावाचे एक जीवनसत्त्व. लोहाची महती आपल्या वैद्यांना आणि युरोपातल्या डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. दुसऱ्या वस्तूचा शोध मात्र आपल्या मुंबईत, परळच्या गिरणगावात, कामकरी बायांच्या रक्तातून सुरू झाला. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसून राहिलो होतो. आमच्या वर्गाच्या इतिहासातली ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती.

लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज बाई होत्या. जन्म १८८८ चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना शिकू देई, परंतु पुरुषांसारखी पूर्ण पदवी देत नसे. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकून १९२० साली डॉक्टर झाल्या. प्रत्यक्ष दवाखाना चालविण्यापेक्षा प्रयोगशाळेकडे त्यांचा ओढा होता, आणि गरोदरपणात शरीरात काय बदल होतात ह्यावर त्यांनी काम केले होते. मुंबईत बाळंतपणात स्त्रिया फार मरतात, त्याची चौकशी चालली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर त्या कामात होत्या. त्या चौकशीसाठी १९२८ साली विल्सबाई हाफकिन संस्थेत आल्या.

१९२८ हे साल कामगार चळवळीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूति-साहाय्याच्या विधेयकावर चर्चा चालली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली तो कायदा झाला. ह्या देशातला तशा प्रकारचा तो पहिला कायदा. एकीकडे कायदेमंडळात गरोदर गिरणी-कामगारणीच्या विसाव्याचा विचार चालला होता आणि दुसरीकडे हाफकिनच्या प्रयोगशाळेत त्याच बाईच्या रक्ताचा थेंब काचेवर तपासला जात होता.

त्या थेंबात विल्सबाईंना काय दिसले? साध्या अशक्तपणात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या असतात. लोहाच्या अभावाची ती खूण. ह्या बायांच्या रक्तातल्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नको तेवढ्या मोठ्या होत्या. आज त्याचे कारण कळले आहे. पेशीला एकाच्या दोन व्हायला जे द्रव्य लागते तेच कमी पडले, म्हणजे ती नुसती फुगते, दुभंगत नाही. तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. काहींना वाटे हा जंतूंचा रोग असावा.

विल्सबाईंनी जे केले त्यासाठी आम्ही त्यांना मानतो. त्या केवळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या नाहीत. तळपदे ह्या आडनावाच्या सहकारी डॉक्टरांसह त्यांनी मुंबईतल्या स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात ह्याची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्धही झाली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, दूध, फळे जवळजवळ नसत, त्यांच्यात हा रोग फार. मग त्यांनी त्याच धर्तीचे निकस अन्न गाभण उंदरिणींना घातले, तर त्याही रक्तक्षय होऊन मरू लागल्या. अन्नात यीस्ट मिसळले तर वाचू लागल्या. उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे होणारा एक रोग त्या प्रयोगात घोटाळा करीत होता, म्हणून पुढे त्यांनी माकडांवर प्रयोग केले. अ जीवनसत्त्व देऊन पाहिले, क देऊन पाहिले, उपयोग झाला नाही. यकृताचा अर्क देऊन पाहिला तर गुण आला, पण तो महाग होता. मग मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो. त्या स्वस्त अर्काने माकडे सुधारली आणि बायाही सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडले.

त्या अर्कात नेमके काय आहे हे विल्सबाईंना ठाऊक नव्हते. लोक त्याला नुसते 'विल्स घटक' म्हणत. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि लॅटिन भाषेतल्या पानाच्या नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. ते कारखान्यात तयार करण्याची कृती १९४५ च्या सुमारास ज्या प्रयोगशाळेने काढली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स घटक तो हाच. पुढे १९९१ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली : हे द्रव्य गर्भधारणेच्या आधीपासून घेतले, तर मुलाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे एक भयंकर व्यंग बहुतांशी टळते. ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळण्याच्या आत.

पानाच्या नावाचे हे औषध. आणि आमच्या बाया उभा वैशाख पाने तोडण्यात घालवितात. ती पाने ताटात वाढायची नसतात, विडीला लागतात. असो.

आता गोळी तोंडात घातल्यापासून पुढची वाट पाहू. शास्त्रज्ञ ज्याला औषध पोचविणे म्हणतात ते इथे सुरू होते. लोह आतड्यातून रक्तात शिरते, परंतु गोळीतल्या लोहाचा थोडाच भाग शिरतो. जेवणाबरोबर किंवा त्याच्या पाठोपाठ चहा घेतला तर त्यातला कषाय लोहाला धरून ठेवतो आणि आणखी कमी शिरते. (आमच्या युनियनचे तर सारे काम चहावर चालते, तेव्हा हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो.) लिंबू किंवा आवळा असला तर जास्त शिरते. एका गरोदरपणाला सारे मिळून सुमारे एक ग्रॅम लोह लागते. एक ग्रॅम म्हणजे तोळ्याचा बारावा हिस्सा. एवढेसे लोह, पण ते कणाकणाने महिनोन् महिने जमवावे लागते.

रक्तातून पुढे वार येते. वार म्हणजे पूर्वी लोक भिंत समजत. ती भिंत नव्हे. ती जकातनाका आहे, आणि त्या नाक्यावरचा कारकून मुलाच्या बाजूचा आहे. लोह तो आईकडून मुलाकडे सोडतो, परत येऊ देत नाही. फॉलिक ॲसिड मुलाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा अधिक आढळते. म्हणजे आईच्या घरात टंचाई असली तरी आधी मुलाचा वाटा निघतो. आमच्या बहिणीचे मूल वाचले आणि ती गेली, ह्याचा उलगडा आम्हांला हे वाचल्यावर झाला. टंचाई फारच झाली तर मूलही हलके आणि अपुऱ्या दिवसांचे जन्मते, हेही खरे.

हा कारकून सर्व काही ओळखतो असे मात्र नव्हे. फ्रान्सिस केल्सी नावाच्या औषधशास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी क्विनीनवर काम केले होते. गाभण सशाचे शरीर क्विनीनचा निचरा करते, पण तिच्या पोटातल्या गर्भाला ते जमत नाही, असे त्यांना आढळले. १९६० साली त्या अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यात लागल्या आणि थॅलिडोमाइड ह्या झोपेच्या औषधाची फाइल त्यांच्यापुढे आली. हे पोटातल्या मुलाला बाधत नाही ह्याचा पुरावा द्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि कंपनीने लकडा लावूनही परवानगी दिली नाही. त्या वेळी युरोपात ते औषध घेतलेल्या हजारो आयांची मुले हातापायांविना जन्मली. एका कर्मचाऱ्याने सही करण्याचे नाकारले म्हणून केवढा अनर्थ टळतो ते पाहा. इन्सुलिन आणि हेपॅरिन ही औषधे वार ओलांडून विशेष जात नाहीत, म्हणून ती गरोदरपणात चालतात. तंबाखूतले निकोटीन मात्र वार ओलांडते. हे आम्ही विडी कामगारांत काम करीत असूनही सांगतो, किंबहुना म्हणूनच सांगतो. आज जगातल्या प्रयोगशाळांत असे प्रयत्न चालले आहेत की औषध केवळ आईला लागू पडावे, किंवा केवळ वारेला, आणि मुलाकडे जाऊ नये. त्या शास्त्रज्ञांना यश येवो.

परंतु श्रोतेहो, आतड्यापासून वारेपर्यंतची वाट जितकी अवघड, तितकीच उपकेंद्रापासून आतड्यापर्यंतची आहे. सरकारने १९७० सालापासून ह्या गोळ्यांची योजना चालविली आहे. २०१८ सालापासून नियम असा, की चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी : त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस. नियम चांगला आहे, गोळी फुकट आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. किमान १०० दिवस गोळ्या घेतलेल्या आया ४४ टक्के. १८० दिवस घेतलेल्या केवळ २६ टक्के.

ह्यावर सुशिक्षित माणूस चटकन म्हणतो, बाया अडाणी आहेत. आम्हीही काही वर्षांपूर्वी नागझिऱ्याच्या कडेच्या एका गावात, तेंदूच्या हंगामात, असेच भाषण ठोकले. गोळ्या खात जा, आम्ही बहीण गमावली आहे, वगैरे. भाषण संपल्यावर एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची बहीण का नाही खाये गोळी, तिले कधी इचारलं होतं का?"

आम्ही विचारले नव्हते. म्हातारीपुढे आम्हांला काही उत्तर सुचेना.

मग त्या दिवशी भाषण सोडून आम्ही विचारीत बसलो. एकीने सांगितले, उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते, आणि पोटभर जेवण रात्रीच मिळते, तेही सर्वांचे झाल्यावर. दुसरी म्हणाली, शौचाला काळे होते, आतून काही सडले की काय अशी भीती वाटते. तिसरी म्हणाली, गोळ्यांनी मूल मोठे होते आणि अडते, असे सासू सांगते. काळे होणे हे लोहाचे साधे लक्षण आहे, भिण्याचे नव्हे, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे आमच्या बहिणीला कोणी दिली नाहीत. पाकिटे आणणाऱ्या भावानेही दिली नाहीत.

आणखी एक गोष्ट निघाली. आशाताई सकाळी गावात फिरत. हंगामात बाया पहाटेच जंगलात गेलेल्या असत. दुपारी येऊन पुडे बांधायला बसत, तेव्हा मान वर करायला सवड नसे. बाई निवांत सापडते ती एकाच जागी : संध्याकाळी फळीवर, पुडे मोजून देण्यासाठी रांगेत उभी असते तेव्हा. म्हणून आम्ही आशाताईंना विनंती केली की, आपण संध्याकाळी फळीवर या. आणि मुनशीला बजावले की, गरोदर बाईचे पुडे आधी मोज. बसायला सावली आणि प्यायला पाणी मागितले. गोळी रात्रीच्या जेवणानंतर, वर लिंबाची फोड, आणि तासभर चहा नाही, असे ठरले. त्यात शोध लावण्यासारखे काही नव्हते. पण दुसऱ्या वर्षी बाया रिकामी पाकिटे आणून दाखवू लागल्या. ज्यांना गोळी सोसतच नव्हती त्यांनी तसे उघड सांगितले, लपवून ठेवले नाही. त्यांना डॉक्टरांकडे नेता आले. रक्त फारच कमी असेल तर आता शिरेतून लोह देण्याची सोय आहे. पण ती वेळेवर कळणाऱ्या बाईलाच.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग पुष्कळ आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रोग्याची दहा ते वीस दिवसच. पेशी सारख्या नव्या कराव्या लागतात, म्हणून त्याला फॉलिक ॲसिडची गरज जास्त. लोह मात्र डॉक्टरांनी तपासून, लागेल तसेच द्यायचे. तेव्हा प्रत्येक अशक्त बाईला एकच गोळी, असा हिशेब आपल्याकडे चालत नाही. आधी रक्त तपासा. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे आणि तिची मुदत २०४७ पर्यंत आहे; आपल्या गावात तपासणी झाली की नाही, हे विचारणे आपले काम आहे.

लूसी विल्स १९६४ साली वारल्या. परळच्या ज्या गिरण्यांतील बायांच्या रक्तातून हा शोध लागला त्या गिरण्याही आता बंद पडल्या. त्या बायांची नावे कोठे नोंदलेली आम्हांला आढळली नाहीत. विल्सबाई मोठ्या शास्त्रज्ञ होत्याच. परंतु औषध शोधण्यापूर्वी 'तू काय खातेस?' असे त्यांनी गिरणगावातल्या बाईला विचारले, हे आम्ही अधिक मोलाचे मानतो. आपण त्यांची गोळी घेतली आणि तो प्रश्न मात्र परळलाच ठेवून आलो.

आपल्या घरी भांडी घासायला येणारी, धानाच्या गिरणीत काम करणारी, बांधकामावर विटा वाहणारी एखादी बाई ह्या क्षणी पोटुशी असेल. तिला गोळ्या मिळाल्या का, एवढेच विचारू नका. त्या मिळालेल्या असतील. तिला विचारा, सोसतात का, कधी घेतेस, जेवतेस केव्हा. आणि ती सांगेल ते ऐकून घ्या, तिथेच भाषण करू नका. हे आम्ही अनुभवाने सांगतो.